टिळकांना शिक्षा ठोठावणाऱ्या न्यायमूर्तींचा दुसरा निवाडा

- विशेष प्रतिनिधी

मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या इमारतीत सेंट्रल कोर्टाबाहेर एक संगमरवरी शिला आहे. १९०८ च्या राजद्रोह खटल्यात शिक्षा होण्यापूर्वी लोकमान्य टिळकांनी काढलेले उद्गार तिच्यावर कोरले आहेत. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिचे अनावरण केले. टिळकांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा देणारे न्यायमूर्ती दिनशा धनजीभाई दावर महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत ते याच प्रसंगामुळे. शाळकरी मुलांनाही हे नाव ठाऊक असते, पण त्या नावामागचा माणूस मात्र कोणालाच फारसा ठाऊक नसतो.

याच न्यायमूर्तींनी त्याच वर्षी, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने, आणखी एक निवाडा दिला. टिळकांच्या खटल्याचा निकाल पुढे इतिहासजमा झाला. दुसऱ्या निकालाचे पडसाद मात्र शंभराहून अधिक वर्षांनंतरही मुंबईतील पारशी वसाहतींत, अग्याऱ्यांत आणि डुंगरवाडीच्या वाटेवर ऐकू येतात. पारशी कोणाला म्हणावे, हा प्रश्न त्या खटल्यात न्यायासनासमोर होता. रक्ताचे नाते पुरेसे की श्रद्धा पुरेशी, की दोन्ही हवीत, याचे उत्तर स्वतः पारशी असलेल्या न्यायाधीशाला द्यायचे होते.

वकिलाचा न्यायाधीश झाला

दावर यांचा जन्म १८५६ सालचा, म्हणजे ते टिळकांचे समवयस्कच. बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली आणि पुढे शहरातील नामांकित बॅरिस्टरांत त्यांची गणना होऊ लागली. व्यापार, गिरण्या आणि गोदी यांच्या जोरावर वाढलेल्या मुंबईत पारशी समाजाने वैद्यक, वृत्तपत्रे, शिक्षण आणि कायदा अशा सर्वच क्षेत्रांत आघाडी घेतली होती. दादाभाई नौरोजी आणि फिरोजशहा मेहता यांचा तो काळ. १९०६ साली दावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या न्यायालयात न्यायासनावर बसणारे ते पहिले पारशी होत.

त्यापूर्वीची एक घटना मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या जामिनाचे अर्ज आधी नामंजूर झाले होते. ४ ऑगस्ट रोजी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर पुन्हा अर्ज आला आणि टिळकांची जामिनावर सुटका झाली. टिळकांच्या वतीने हा अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते दावर.

अकरा वर्षांनी भूमिका बदलल्या. ‘केसरी’तील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली. जामिनाचा अर्ज आला तो न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे. टिळकांची बाजू तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना मांडत होते. दावर यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून जे मुद्दे मांडले, त्याच धर्तीचे मुद्दे आता त्यांच्यासमोर मांडले जात होते. त्यांनी जामीन नाकारला.

१३ जुलैला खटला सुरू झाला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन भारतीय होते. लेख मराठीत, तर बहुसंख्य ज्युरर मराठी न जाणणारे. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि दावर यांनी सहा वर्षे हद्दपारी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. दुसरा दिवस टिळकांच्या बावन्नाव्या वाढदिवसाचा होता. मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले आणि गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. पुढे दावर यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्यानिमित्त वकीलवर्गाने मेजवानी योजली तेव्हा जीनांनी तिला जाण्यास नकार दिला आणि आपली नापसंती लेखी नोंदवली, अशी आठवण छागला यांनी आत्मचरित्रात दिली आहे.

पूर्वजांचे स्मरण आणि कायदा

या एका खटल्यावरून दावर यांना सरकारधार्जिणा न्यायाधीश ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. ही बाजू आहे आपल्या समाजाच्या कायद्याला आकार देणाऱ्या न्यायाधीशाची.

पारशी वर्षाच्या अखेरीस मुक्तादचे दिवस येतात. दिवंगत पूर्वजांचे आत्मे या दिवसांत घरी परततात, अशी श्रद्धा. फुले वाहिली जातात, प्रार्थना होतात, दिवंगतांची नावे घेतली जातात. या विधींसाठी संपत्ती राखून ठेवण्याची प्रथा धनिक पारशी कुटुंबांत होती. मात्र असे न्यास धर्मादाय म्हणून टिकत नाहीत, असा निर्णय १८८७ मध्ये मुंबईच्याच न्यायालयाने दिला होता. हे विधी सार्वजनिक हिताचे नाहीत, असा इंग्लिश कायद्याच्या चष्म्यातून काढलेला तो निष्कर्ष होता.

न्यायासनावर आल्यावर दावर यांच्यापुढे हाच प्रश्न पुन्हा आला. जमशेदजी ताराचंद विरुद्ध सुनाबाई या प्रकरणात त्यांनी जुना निर्णय बाजूला ठेवला. मुक्तादच्या विधींत केवळ एका कुटुंबाचा स्वार्थ नाही, पारशी धर्मश्रद्धेनुसार त्यांचा लाभ साऱ्या समाजाला होतो, म्हणून असे न्यास वैध आहेत, असे त्यांनी ठरवले. पारशी धर्म जाणणारा न्यायाधीश असल्याने काय फरक पडतो, हे समाजाने अनुभवले. पूर्वजांचे स्मरण हाच ज्या धर्माचा एक विधी आहे, त्या धर्मात वंश आणि श्रद्धा यांची गाठ किती पक्की असेल, याची कल्पनाही या प्रकरणावरून येते.

पॅरिसहून आलेली सून

दावर यांच्यासमोरचा मोठा प्रश्न मात्र पॅरिसहून आला. जमशेदजी टाटांचे नातलग आणि व्यवसायातील सहकारी रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०२ साली पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी विवाह केला. पुढल्या वर्षी ती मुंबईला आली. दस्तूर कैखुश्रू जामास्पजी यांनी तिची नवजोत केली, म्हणजे सुद्रेह आणि कुस्ती देऊन तिला जरथुश्ती धर्माची दीक्षा दिली. त्यानंतर पारशी पद्धतीने विवाह झाला. सुझानची सुनी झाली.

विधी यथासांग झाला होता, पण समाजात वादळ उठले. दीक्षा घेतलेली ही परकी स्त्री अग्यारीत जाऊ शकेल काय? मृत्यूनंतर तिचा देह दोखम्यात ठेवता येईल काय? गाथांमध्ये जरथुष्ट्राने साऱ्या मानवजातीला आवाहन केले आहे, मग आपण दार का लावावे, असे एक पक्ष विचारत होता. इराणातून बाहेर पडल्यापासून आपण परक्यांना धर्मात घेतलेले नाही आणि म्हणूनच आजवर टिकलो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतून वाद झडले, सभा भरल्या, समित्या नेमल्या गेल्या. समाजातील बहुमत धर्मांतराच्या विरोधात होते.

या धास्तीला इतिहास होता. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा समाज मुळापासून हादरला होता. मिशनऱ्यांमुळे आपली मुले जातील, ही भीती तेव्हापासून मनात घर करून होती. त्यात पारशी पिता आणि परजातीची आई यांच्या मुलांच्या नवजोतीवरून १८८२ मध्ये माझगाव येथे मोठा वाद झाला होता. मुठीत मावेल एवढा समाज. त्यातून बाहेर कोण जाते आणि आत कोण येते, या दोन्हींकडे त्याचे डोळे लागलेले असणे स्वाभाविक होते.

१९०६ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. सर दिनशा माणेकजी पेटिट, रतनजी टाटा आणि इतर काही प्रतिष्ठित पारशी वादी होते. प्रतिवादी होते सर जमशेटजी जीजीभाई आणि पारशी पंचायतीचे अन्य विश्वस्त. मुंबईतील पारशांची सर्वांत बडी घराणी एकमेकांसमोर उभी राहिली. मुद्दे दोन होते. विश्वस्तांची नेमणूक रीतसर झाली आहे काय, हा पहिला. धर्मांतर करून आलेल्यांना पंचायतीच्या ताब्यातील अग्याऱ्या, दोखमे आणि निधी यांवर हक्क सांगता येतो काय, हा दुसरा. न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती फ्रँक बीमन यांच्यापुढे सुनावणी झाली. एक न्यायाधीश पारशी, दुसरा इंग्रज.

धर्म जरथुश्ती, समाज पारशी

२७ नोव्हेंबर १९०८ रोजी निकाल लागला. पहिला मुद्दा वादी जिंकले. विश्वस्तांच्या नेमणुका अवैध ठरल्या. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र त्यांचा पराभव झाला.

दावर यांच्या विवेचनाचा गाभा समजून घेण्यासारखा आहे. जरथुश्ती धर्मात परक्याला प्रवेश निषिद्ध नाही, हे त्यांनी मान्य केले. धर्मग्रंथांचा आधार घेऊन वादींनी केलेला युक्तिवाद त्या मर्यादेत त्यांना पटला होता. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न जरथुश्ती कोण असा नव्हता, पारशी कोण असा होता. जरथुश्ती हा शब्द श्रद्धा सांगतो. पारशी हा शब्द इराणातील पार्स प्रांताशी आणि तेथून आलेल्या पूर्वजांशी जोडलेला आहे. फ्रान्समध्ये जन्मलेली स्त्री श्रद्धेने जरथुश्ती होऊ शकेल, पण पूर्वज बदलणे तिच्या हाती नाही.

दुसरा आधार होता दात्यांच्या हेतूचा. अग्याऱ्या आणि दोखमे बांधणाऱ्या, निधी ठेवणाऱ्या दात्यांच्या डोळ्यांसमोर कोणता समाज होता, हे न्यायालयाने पाहिले. आपल्या दानाचा लाभ धर्मांतरितांना व्हावा, असा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नसेल, कारण भारतात परक्यांना धर्मात घेण्याची रूढीच नव्हती. ग्रंथ काय सांगतो यापेक्षा शतकानुशतके समाज कसा वागला याला त्यांनी अधिक वजन दिले.

मग पारशी कोण? दावर यांनी तीन वर्ग सांगितले. इराणातून आलेल्या मूळ निर्वासितांचे वंशज, ज्यांचे आईवडील दोघेही जरथुश्ती आहेत आणि जे स्वतः तो धर्म पाळतात, ते पहिले. इराणातून पुढील काळात आलेले, तात्पुरते वा कायमचे स्थायिक झालेले जरथुश्ती इराणी, हे दुसरे. पारशी पिता आणि परकी आई यांची, रीतसर धर्मात घेतलेली मुले, हे तिसरे.

ही व्याख्या बारकाईने पाहिली तर तिच्यातील विसंगती लपत नाही. पारशी पुरुषाने परजातीत लग्न केले तर त्याच्या मुलांना दार उघडे होते. पारशी स्त्रीने तसे केले तर तिच्या मुलांचा उल्लेखही नव्हता. सुनी टाटांना जो हक्क नाकारला गेला, तो १९०४ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाला मात्र व्याख्येनुसार मिळत होता. तो मुलगा म्हणजे जे. आर. डी. टाटा.

निकालपत्राला आणखी एक डाग आहे. दार उघडले तर खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतील गरीब लोक निधीच्या आशेने आत शिरतील, ही भीती त्यात उघडपणे व्यक्त झाली आहे. पारशी समाज भारतात राहून जातीसारखा झाला आहे, हे दोन्ही न्यायाधीशांनी जवळपास गृहीत धरले. जातिव्यवस्थेबाहेरून आलेल्या समाजाने आपली सीमा आखताना जातीचीच भाषा वापरली, हे आज वाचताना खटकते. तरीही दावर केवळ स्वतःचा पूर्वग्रह मांडत होते, असे म्हणता येणार नाही. समाजातील बहुसंख्यांना जे वाटत होते, त्याला त्यांनी कायद्याचे शब्द दिले.

या कल्पनेचे मूळ संजाणच्या कथेत सापडते. इराणातून जहाजाने निघालेले पूर्वज गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले आणि जादी राणाने त्यांना आश्रय दिला, ही हकिकत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात आली आहे. त्या कथेत समाजाचे दोनच आधार आहेत. एक सोबत आलेली माणसे आणि दुसरा प्रतिष्ठापित केलेला पवित्र अग्नी. तो इराणशा अग्नी आज उदवाड्याला आहे. माणसे आणि अग्नी एकत्र असली तरच पारशी समाज, हे समीकरण दावर यांनी न्यायालयीन भाषेत मांडले.

निकालानंतर

या व्याख्येला कायद्याचे किती बळ आहे, यावर वकिलांत मतभेद राहिले. खटल्याच्या निर्णयासाठी ती आवश्यक नव्हती, सबब बंधनकारक नाही, असे काहींचे म्हणणे होते. व्यवहारात मात्र तीच रूढ झाली. १९२५ साली रंगूनमधील प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. पारशी कुटुंबात वाढलेल्या, नवजोत झालेल्या एका अनाथ मुलीला अग्यारीत प्रवेशाचा हक्क सांगता येत नाही, असे तेथेही ठरले.

दावर हे पाहायला नव्हते. १९१६ च्या मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचे तिसरे किटाळ आले आणि जीनांनी उच्च न्यायालयात त्यांना त्यातून सोडवले.

काळाने पुढे एक विलक्षण फेरा पूर्ण केला. १९०८ मध्ये धर्मांतरितांसाठी दार उघडावे म्हणून वादी झालेल्या सर दिनशा पेटिट यांची कन्या रत्तनबाई १९१८ साली इस्लाम स्वीकारून जीनांशी विवाहबद्ध झाली. पेटिट यांनी या विवाहाला कडाडून विरोध केला होता. बाहेरच्याला आत घेण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या पित्याला आपले माणूस बाहेर जाताना पाहणे सोसवले नाही. दावर यांचे म्हणणे बुद्धीला न पटणाऱ्यांनाही ते मनातून का समजत होते, याचे उत्तर कदाचित येथे असावे.

सुनी टाटा १९२३ मध्ये निवर्तल्या. डुंगरवाडीचे दार त्यांच्यासाठी नव्हते. पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. तीन वर्षांनी रतनजीही तेथेच विसावले आणि १९९३ मध्ये जे. आर. डी. टाटाही.

दावर यांच्या व्याख्येने समाज राखला की आकसवला, हा वाद मिटलेला नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील पारशांची संख्या ६९,६०१ होती, ती २०११ मध्ये ५७,२६४ वर आली. या घसरणीला उशिरा होणारी लग्ने, अविवाहितांचे मोठे प्रमाण, स्थलांतर आणि कमी जन्मदर ही कारणे आहेतच. परंतु परजातीत विवाह करणाऱ्या स्त्रियांची मुले मोजणीबाहेर राहतात, हेही एक कारण मानले जाते. दार उघडले तर ओळख पुसली जाईल आणि बंद ठेवले तर ओळख सांगणारेच उरणार नाहीत, अशा पेचात हा समाज सापडला आहे.

परधर्मीयाशी विवाह केलेल्या वलसाडच्या एका पारशी महिलेने अग्यारी आणि दोखम्यात जाण्याचा हक्क मागितला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिच्याविरुद्ध निर्णय दिला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे वलसाडच्या विश्वस्तांनी, तिला आईवडिलांच्या अंत्यविधींना येऊ देण्याची तयारी दाखवली. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न सुनेचा होता, आता तो लेकीचा आहे.

दरम्यान समाज स्वतःही वाटा शोधतो आहे. गिधाडे नाहीशी झाल्याने दोखम्याची जुनी व्यवस्था अडचणीत आली. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते वरळीतच. दोखम्याच्या हक्कावरून जे घराणे एकेकाळी न्यायालयात गेले, त्याच नावाचा हा सर्वांत ख्यातनाम वारस अखेरचा निरोप घेताना डुंगरवाडीच्या बाहेर होता, आणि त्यावर फारशी खळबळही उडाली नाही.

सेंट्रल कोर्टाबाहेरच्या शिलेवर दावर यांचे नाव येण्याचे कारण नाही. ती टिळकांची आहे आणि तशीच असायला हवी. दुसऱ्या निवाड्यासाठी मुंबईत कोठेही शिला नाही. मात्र अग्यारीच्या फाटकाशी पाटी आहे. पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही, असे ती सांगते. त्या पाटीवरील पारशी या शब्दाचा अर्थ काय, हे विचारायला कोणी उभे राहिले की उत्तराची सुरुवात अजूनही दिनशा दावर यांच्या निकालपत्रापासूनच करावी लागते.